हिमनदीचे दर्शन : जहाजावरून आणि होडीतून

[अलास्काच्या किनाऱ्यावर काही हिमनद्या पर्वतांवरून उतरून थेट समुद्राला मिळतात. त्या पाहण्यासाठी कोणी प्रचंड प्रवासी जहाजातून जातात, तर कोणी लहानशा नौकेतून. दोघांनाही दिसते ती हिमनदीच. पण दोघांचे पाहणे मात्र सारखे नसते. ते का, हे या पाठात सांगितले आहे.]

नदी म्हटले की खळखळणारे पाणी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि पृथ्वीवर अशाही नद्या आहेत, की ज्यांच्या पात्रात पाण्याचा थेंब न दिसता केवळ बर्फ भरलेला असतो. हिमालयातील गंगोत्रीची हिमनदी ही त्यांपैकीच एक होय. ती गोमुखापाशी संपते आणि तिच्या वितळलेल्या बर्फातून भागीरथीचा उगम होतो. ही हिमनदी समुद्रापासून शेकडो कोस दूर राहते. परंतु उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास असलेल्या अलास्का प्रांतात हिमनद्या डोंगरांच्या कुशीतून निघून थेट समुद्रात पाय टाकतात. नदीने सागरास मिळावे हा सृष्टीचा नियमच आहे. तो नियम तेथे बर्फही पाळतो.

अशा सागरगामी हिमनद्यांसाठी ‘ग्लेशियर बे’ नावाची खाडी विशेष प्रसिद्ध आहे. ही खाडी सुमारे १०० किलोमीटर आत शिरली असून तिच्या पश्चिमेस फेअरवेदर नावाची पर्वतरांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ४,६७१ मीटर उंच आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या पर्वतांना अडतात आणि तेथे विपुल हिमवर्षाव होतो. उन्हाळ्यात वितळते त्याहून अधिक बर्फ हिवाळ्यात पडते. शेष राहिलेल्या हिमावर पुढील वर्षीचे हिम, त्यावर त्याच्या पुढील वर्षीचे, असे थरांवर थर रचले जातात. वरच्या भाराने खालचे भुसभुशीत हिम दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचा पाषाणासारखा घट्ट बर्फ बनतो. हा बर्फ आपल्याच भाराने उताराकडे सरकू लागला, म्हणजे हिमनदी जन्मास आली असे समजावे.

या खाडीच्या टोकाशी ‘मार्जरी’ नावाची हिमनदी आहे. ती सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे. १८५३ साली भारतातील पहिली आगगाडी बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत जेवढे अंतर धावली, जवळजवळ तेवढीच ही लांबी होय. समुद्राशी तिची रुंदी सुमारे दीड किलोमीटर भरते. पाण्यावर उभी असलेली तिची हिमभिंत सुमारे ७५ मीटर उंच आहे; म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराशी तिने सहज बरोबरी करावी. याखेरीज पाण्याखाली असलेला तिचा भाग वेगळाच. या भिंतीतील बर्फ दिवसाला दीड-दोन मीटर पुढे सरकतो आणि पुढचा भाग तुटून समुद्रात कोसळतो. हे कोसळणे पाहण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात.

ही खाडी आज जशी दिसते तशी ती पूर्वी नव्हती. किंबहुना अडीचशे वर्षांपूर्वी ती खाडी म्हणून जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. तत्पूर्वी तेथे एक हिरवी दरी होती आणि तीत हूना त्लिंगित नावाचे लोक राहत असत. मासे धरावेत, सीलांची शिकार करावी, रानफळे वेचावीत असा त्यांचा जीवनक्रम होता. अठराव्या शतकाच्या मध्यास हिमनदी वेगाने पुढे सरकली. तिने त्यांची घरे, त्यांची शिकारभूमी, सारे काही गिळंकृत केले. त्या लोकांना आपली मायभूमी सोडून खाडीपलीकडे वस्ती करावी लागली. हिमनदी हे प्रवाशांसाठी एक रम्य दृश्य असेल. परंतु ज्यांनी तिच्यापुढून पळ काढला, त्यांच्यासाठी ती घरादारावरून गेलेली आपत्ती होती.

१७९४ साली कप्तान व्हँकूव्हरच्या मोहिमेतील खलाशी होड्या घेऊन या किनाऱ्याची पाहणी करीत आले. त्या वेळी त्यांना खाडी अशी दिसलीच नाही. किनाऱ्याला पडलेली आठेक किलोमीटरांची एक खाच आणि तिच्यापुढे बर्फाची उत्तुंग भिंत, एवढेच त्यांच्या दृष्टीस पडले. त्यानंतर मात्र हिमनदी माघार घेऊ लागली. १८७९ साली जॉन म्यूर नावाचा निसर्गशोधक तेथे गेला, तेव्हा बर्फ सुमारे पन्नास किलोमीटर मागे हटला होता. १९१६ सालापर्यंत ही माघार १०० किलोमीटरांच्या घरात गेली. ज्या पाण्यावरून आज जहाजे जातात, त्या पाण्याच्या जागी एके काळी बर्फाचा डोंगर होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे या प्रवासाचा खरा अर्थ कळतो.

म्यूर तेथे कसा गेला, हेही जाणून घेण्यासारखे आहे. ऑक्टोबर महिना होता. थंडी पडू लागली होती. पाऊस आणि हिम यांचा मारा चालू होता. लाकूड कोरून केलेल्या एका लांबट होडीत तो बसला होता आणि ती होडी त्लिंगित वल्हेकरी चालवीत होते. तरंगणाऱ्या हिमखंडांतून वाट काढणे अवघड होते. या अवकाळी प्रवासाबद्दल वल्हेकऱ्यांच्या मनात भीती होती. वाटेत सीलांची शिकार करणाऱ्यांचा एक तळ लागला, तेथून त्यांनी एक वाटाड्या घेतला. म्यूर एका डोंगरावर चढला. प्रथम धुक्यावाचून काही दिसेना. पण ढग जरासे वर सरले आणि एकामागून एक हिमनद्या त्याच्या दृष्टीस पडल्या. थंडीने कुडकुडत, भिजत, कष्टाने मिळविलेले ते दर्शन होते.

अवघ्या चार वर्षांनी, १८८३ साली, ‘आयडाहो’ नावाची आगबोट प्रवाशांना घेऊन त्याच खाडीत शिरली. तिचा कप्तान जेम्स कॅरोल हा होता. एलायझा सिडमोर नावाची लेखिका त्या बोटीवर होती. तिने पुढे या प्रवासाविषयी पुस्तक लिहिले. त्यानंतर म्यूरचे नाव मिळालेल्या हिमनदीसमोर दर उन्हाळ्यास आगबोटी येऊन उभ्या राहू लागल्या. प्रवासी बर्फाच्या भिंतीकडे पाहत, काही किनाऱ्यावर उतरून बर्फावर चालतही. १८९९ साली मोठा भूकंप झाला, हिमनदीचे कडे ढासळले आणि पाणी हिमखंडांनी इतके भरून गेले की आगबोटींना हिमनदीजवळ जाणेच अशक्य झाले. आगबोटींची ती वर्दळ काही काळ थांबली. सारांश, हिमनदी होडीतून पाहावी की जहाजावरून, हा प्रश्न आजचा नाही. म्यूरच्या होडीने आणि कॅरोलच्या आगबोटीने तो केव्हाच उभा केला होता.

आता जहाजावरून होणारे दर्शन कसे असते ते पाहू.

आजचे प्रवासी जहाज हे तरंगते नगरच होय. त्यावर दोन-चार हजार माणसे असतात. दहा-बारा मजल्यांची ती इमारत सकाळी खाडीत शिरते आणि संथ गतीने हिमनदीकडे जाऊ लागते. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर एका लहान नौकेतून येऊन जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना माहिती सांगतात. दुपारपर्यंत जहाज मार्जरी हिमनदीसमोर येते. कप्तान ते तेथे तासभर थांबवितो आणि हळूहळू फिरवतो, म्हणजे दोन्ही अंगांच्या प्रवाशांना भिंत दिसावी. जहाजावरून कोणी किनाऱ्यावर उतरत नाही. संध्याकाळी जहाज खाडीबाहेर पडते.

या दर्शनाचा पहिला गुण म्हणजे उंची. सर्वांत वरच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाला केवळ हिमनदीचा चेहरा नव्हे, तर तिची पाठही दिसते. भिंतीमागे दूरवर पसरलेल्या भेगा, बर्फावर वाहून आलेल्या दगडमातीचे काळे पट्टे, दोन्ही बाजूंचे कडे आणि त्यांमागची शुभ्र शिखरे अशी सारी रचना एका दृष्टिक्षेपात येते. हिमनदी कोठून आली, कशी वळली आणि कोठे संपली हे जणू नकाशात पाहावे तसे दिसते. नदीचा अभ्यास करणारा विद्यार्थी जसा टेकडीवर चढून तिचे वळण पाहतो, तसेच हे आहे. दुसरा गुण म्हणजे स्वस्थता. लाटांचा हेलकावा फारसा जाणवत नाही, थंडी झाली तर आत जाऊन बसता येते. वृद्ध माणसे, लहान मुले, चाकाच्या खुर्चीवर बसून फिरणारे अपंग, या सर्वांना हिमनदीचे दर्शन घडते ते जहाजामुळेच. म्यूरच्या होडीत त्यांना जागा मिळाली नसती, हे विसरून चालणार नाही.

परंतु उंचीबरोबर एक उणेपणही येतो. जेथे झाड नाही, घर नाही, माणूस नाही, तेथे आकाराचे माप कशावरून करावे? उंच डेकवरून पाहणाऱ्याला ती भिंत पंधरा-वीस हातांची वाटते आणि तिच्याशी असलेले अंतरही फसवे भासते. कोणाच्या मनात येते, एवढ्याचसाठी का इतका प्रवास केला? इतक्यात भिंतीच्या पुढून एखादी लहान नौका जाते. ती एखाद्या काळ्या मुंगीसारखी दिसते. आणि तीत पन्नासांहून अधिक माणसे आहेत हे कळताच भिंत एकदम आकाशास भिडते. जहाजावरच्या प्रवाशाला हिमनदीची खरी उंची समजते, ती पुष्कळदा होडीतल्या प्रवाशामुळेच!

होडीतून होणारे दर्शन याहून निराळे असते.

ग्लेशियर बे खाडीच्या मुखाशी बार्टलेट कोव्ह नावाचा धक्का आहे. उन्हाळ्यात तेथून सकाळी एक यांत्रिक नौका निघते. सुमारे आठ तासांत ती दोनशेहून अधिक किलोमीटरांचा फेरा करून परत येते. तिच्यावरही रेंजर असतो. मात्र येथे तो ध्वनिक्षेपकातला आवाज नसून शेजारी उभा असलेला माणूस असतो. त्याला प्रश्न विचारता येतात, त्याने बोट दाखविले की त्या दिशेस पाहता येते. नौका लहान असल्याने ती वाटेत थांबते. साउथ मार्बल नावाच्या खडकाळ बेटाजवळ ती संथ होते. त्या खडकांवर समुद्रसिंहांचे कळप लोळत, गुरगुरत पडलेले असतात आणि रंगीत चोचीचे पफिन पक्षी पाण्यावरून लगबगीने उडत जातात. पुढे एका उघड्या कड्यावर पांढऱ्या केसांचे डोंगरी बकरे चरताना दिसतात. कधी किनाऱ्यावर अस्वल दगड उलटे करीत अन्न शोधीत असते. मोठे जहाज याच वाटेने जाते. पण त्याला असे काठाशी येता येत नाही आणि इतक्या उंचीवरून पाहिलेले अस्वल काळ्या ठिपक्याहून मोठे दिसत नाही.

नौका हिमनदीसमोर आली म्हणजे प्रवासी मान वर करून पाहतात. जहाजावरून जी भिंत समोर दिसली, ती येथे डोक्यावर आल्यासारखी वाटते. तिचा निळा रंग येथे अधिक गडद भासतो. दाट बर्फातून जाताना सूर्यप्रकाशातील तांबडा रंग शोषला जातो आणि निळा तेवढा बाहेर येतो. म्हणून जुन्या, दाबलेल्या बर्फाच्या भेगा नीलमण्यासारख्या दिसतात. हिमनदीवरून येणारा गार वारा तोंडाला झोंबतो. नौकेचे यंत्र बंद केले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सभोवतालचे पाणी तडतडत असते! शतकानुशतके बर्फात कोंडलेल्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे हिमखंड वितळताना फुटतात. तव्यावर मोहरी तडतडावी तसा हा बारीक आवाज सर्व दिशांनी येत असतो. पाण्याखाली तो इतका मोठा असतो, की हिमनद्यांच्या खाड्या या समुद्रातील अत्यंत गोंगाटाच्या जागांपैकी आहेत असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. दहाव्या मजल्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या कानी हे संगीत सहसा पडत नाही.

मग तो क्षण येतो. भिंतीचा एक सुळका नि:शब्दपणे कलतो आणि खाली येऊ लागतो. पाणी उसळते, आणि त्यानंतर, क्षणभराने, तोफेसारखा आवाज होतो. प्रकाश तत्काळ येतो, ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढ्याच वेगाने चालतो. त्यामुळे जे आधी दिसते ते मागाहून ऐकू येते. त्लिंगित लोक या आवाजास ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. या दोन शब्दांत रंग आहे, नाद आहे आणि दराराही आहे.

यावरून नौकेतून जाणे हेच सर्वथा श्रेष्ठ असे कोणी समजेल. परंतु ते खरे नाही. मार्जरीसमोर नौकेला जहाजाच्या फारशी पुढे जाण्याची मोकळीक नसते. भिंतीपासून निदान पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर दूर राहावे, असा तेथील संकेत आहे आणि तो योग्यच आहे. हिमनदीचा कडा केव्हा कोसळेल हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय धोका केवळ वरूनच येतो असे नाही. पाण्याखाली दडलेला बर्फाचा भाग तुटला, तर तो हलका असल्याने बाणासारखा वर उसळतो. तरंगता हिमनगही अवचित कलंडतो. जेवढी नौका लहान, तेवढी ती हिमनदीला समीप आणि तेवढीच असहायही असते.

अलास्कातील इतर खाड्यांत मात्र परिस्थिती वेगळी आहे. जूनो शहराच्या दक्षिणेस ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म नावाच्या दोन अरुंद, कडेकपारींनी वेढलेल्या खाड्या आहेत. त्यांच्या टोकाशी हिमनद्या आहेत. पण वाकड्या वळणांमुळे आणि तरंगत्या हिमखंडांमुळे मोठ्या जहाजास पुष्कळदा दूरच थांबावे लागते. अशा वेळी एक लहान नौका जहाजाजवळ येते. जहाजाच्या अंगातील खालचे दार उघडते आणि ज्या प्रवाशांनी वेगळे भाडे भरले असेल, ते तिच्यात उतरतात. नौका हिमखंडांतून वाट काढीत पुढे जाते. जे जहाजावर राहतात त्यांना वळणामागे हिमनदीची एखादी निळी कड दिसते, कधी तीही दिसत नाही. म्हणून जाणते लोक असे सांगतात, की ग्लेशियर बे जहाजावरून पाहिली तरी चालेल. पण या अरुंद खाड्यांत हिमनदी पाहावयाची असेल तर होडीला पर्याय नाही.

तथापि या अरुंद खाड्यांनी एक कठोर धडाही शिकविला आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे ट्रेसी आर्म खाडीत साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा एक प्रचंड भाग पाण्यात कोसळला. त्यामुळे उठलेली लाट समोरच्या कड्यावर ४०० मीटरांहून अधिक उंचीपर्यंत चढली. ज्या हिमनदीने त्या उताराला आधार दिला होता, ती मागे हटली होती आणि डोंगर निराधार झाला होता. वेळ पहाटेची होती, म्हणून जीवितहानी टळली. हाच प्रकार दुपारी घडता, तर हिमनदीपुढे उभ्या असलेल्या नौकांचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. या प्रदेशास अशा लाटा नव्या नाहीत. ग्लेशियर बे उद्यानाच्याच सीमेत असलेल्या लिटुया खाडीत १९५८ साली भूकंपाने कडा कोसळून उठलेले पाणी ५२४ मीटर उंचीपर्यंत चढले होते. अशा लाटेपुढे होडी आणि जहाज सारखीच.

माणसाच्या सुरक्षिततेबरोबर आणखी एका जीवाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे सील. हिमनदीतून तुटलेले हिमखंड हा प्रवाशाला अडथळा वाटतो. पण सीलच्या मादीला तेच बाळंतपणाचे घर असते. मे आणि जून महिन्यांत त्या तरंगत्या बर्फावर पिले देतात, कारण तेथे त्यांना शत्रूपासून थोडे निर्भय राहता येते. नौका फार जवळ आली की घाबरून त्या पाण्यात उड्या टाकतात. पिलू मागे राहते, दूध तुटते, थंड पाण्यात त्याची शक्ती व्यर्थ खर्च होते. छायाचित्र काढणाऱ्याला जो आनंद एक मिनिट मिळतो, त्याची किंमत त्या पिलाला मोजावी लागते. म्हणून मार्जरीपासून जवळच असलेल्या जॉन्स हॉपकिन्स नावाच्या फाट्यात मे-जूनमध्ये कोणत्याही नौकेला प्रवेश नाही आणि मोठ्या जहाजांना ऑगस्टअखेरपर्यंत बंदी आहे.

ग्लेशियर बे खाडीत एका दिवसात दोनपेक्षा अधिक प्रवासी जहाजे येऊ दिली जात नाहीत. ऐन उन्हाळ्यात खाजगी नौकांनाही परवाना घ्यावा लागतो आणि त्यांची संख्या पंचवीसवर थांबविली आहे. १९२५ साली ही खाडी राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाली, १९८० साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९२ साली तिची गणना जागतिक वारशात झाली. जे स्थळ सर्वांचे आहे, तेथे सर्वांनी एकाच वेळी जाऊ नये, हा साधा विवेक या नियमांच्या मुळाशी आहे.

हिमनदी पाहण्याची ओढ आज वाढली आहे, याचे एक कारण खिन्न करणारे आहे. ज्या म्यूर हिमनदीपुढे एके काळी आगबोटी उभ्या राहत, ती आता समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. १९४१ साली एका ठिकाणाहून तिचे छायाचित्र घेतले होते. त्यात बर्फाने सारी दरी व्यापलेली दिसते. २००४ साली त्याच ठिकाणाहून घेतलेल्या छायाचित्रात बर्फाच्या जागी पाणी आहे आणि उघड्या डोंगरांवर हिरवळ उगवली आहे. मधल्या ६३ वर्षांत ती हिमनदी १२ किलोमीटरांहून अधिक मागे हटली. या खाडीतील पूर्वीची माघार निसर्गक्रमाने सुरू झाली होती, हे खरे. परंतु आज जगभर हिमनद्या झिजत आहेत त्याला कोळसा आणि तेल जाळून माणसाने वाढविलेली उष्णता कारण आहे. हिमनदी पाहावयास नेणारे जहाज तेलावरच चालते आणि लहान नौकाही तेलावरच चालते, हा विरोध विचारी प्रवाशाला टोचल्यावाचून राहत नाही.

मग हिमनदी कशी पाहावी? ज्याला तिचा विस्तार समजून घ्यावयाचा आहे, किंवा ज्याचे शरीर कष्ट सोसण्याजोगे नाही, त्याने जहाजावरून पाहावी. तिचा श्वास ऐकावा, तिची थंडी अंगावर घ्यावी, असे ज्याला वाटते त्याने होडीतून पाहावी. पहिला तिचा देह पाहतो, दुसऱ्याला तिचा स्वभाव कळतो. दोघांनीही एक गोष्ट मात्र सारखीच पाळावयाची असते. पाहण्याच्या हौसेपायी जे पाहावयाचे त्यालाच इजा होऊ देऊ नये. जवळ जाणे म्हणजेच जाणून घेणे असे नव्हे. काही गोष्टी योग्य अंतर राखूनच जाणता येतात.

हूना त्लिंगित लोकांनी हे पूर्वीच ओळखले होते. त्यांच्या भाषेत या खाडीच्या एका नावाचा अर्थ ‘हिमनदीच्या जागी आलेली खाडी’ असा आहे. जे होते आणि जे आहे, दोन्ही त्या नावात साठविले आहे. २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात बार्टलेट कोव्ह येथे त्यांच्या कुळांचे सामाईक घर उभे राहिले. त्या समारंभासाठी हूना लोक कोरीव होड्या वल्हवीत आपल्या पूर्वजांच्या किनाऱ्यावर आले. हिमनदीने ज्यांना घालविले होते, त्यांचे वंशज असे परत आले. आज जहाजावरचा प्रवासी असो वा होडीतला, खाडीत शिरताना या घराची आठवण ठेवील, तर त्याला बर्फाबरोबर त्या भूमीचा इतिहासही दिसेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गंगोत्रीची हिमनदी आणि मार्जरी हिमनदी यांच्या शेवटात कोणता फरक आहे?
(आ) हिमनदीजवळचे पाणी तडतडते, याचे कारण काय?
(इ) कडा कोसळताना आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, असे का होते?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) जहाजावरून आणि होडीतून होणाऱ्या दर्शनाचे गुण व उणेपणा सांगा.
(आ) म्यूरचा प्रवास व ‘आयडाहो’ आगबोटीचा प्रवास यांची तुलना करा.
(इ) ट्रेसी आर्म खाडीतील घटनेवरून कोणता बोध होतो?

३. ‘जवळ जाणे म्हणजेच जाणून घेणे असे नव्हे’ या वाक्याचा अर्थ सीलांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : गिळंकृत करणे, माघार घेणे, अवचित, निराधार, दृष्टिक्षेप.

५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : हिमनदी, बाष्पयुक्त, घरदार, जीवितहानी, सागरगामी.

६. आपल्या गावाजवळील नदी, धबधबा किंवा समुद्रकिनारा प्रथम दुरून व नंतर जवळून पाहा. दोन्ही वेळी काय दिसले व काय ऐकू आले, ते दहा ओळींत लिहा.